कांदा चाचपणारा हात

"कॅन्सर आहे, पण वेळेत आलात," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी माझी नखं बघत होते. नखांत कांद्याची काळी बुरशी अडकली होती. एवढ्या स्वच्छ खोलीत आपण हे हात घेऊन आलो, याचीच आधी लाज वाटली. मॅडमचा शब्द डोक्यात नंतर शिरला.

मी मूळची परभणीकडची. सातवीत शाळा सुटली. नवरा इकडं ट्रॅक्टर चालवायला आला, त्याच्यामागं मी आळेफाट्याजवळ पिंपळवंडीला आले. लेक तिकडं आईपाशी ठेवली. इथं मी कांदा निवडते. उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे हवा खेळणाऱ्या लांब शेडमध्ये, भरून ठेवतात आणि बाजार बघून चाळ फोडतात. मग आम्ही बाया बसून मोठा कांदा एकीकडं, बारकी गोल्टी एकीकडं आणि सडका लांब टाकतो.

सडका कांदा वरून चांगलाच दिसतो. अंगठा आणि दोन बोटांत धरून मानेपाशी जरा दाबला की कळतं. आतून नासला असला तर बोट आत जातं आणि पिवळट पाणी मनगटापर्यंत येतं. त्या वासानं पहिल्या हंगामात मला भाकर जात नव्हती. हा वास इथं सांगायचं कारण पुढं येईल.

बायांनो, ऑपरेशनचं कुणी तुम्हाला सांगत नाही ते मी सांगते. डावी छाती पूर्ण काढली. बगलेतून एक नळी बाहेर काढली होती, तिला ड्रेन म्हणतात. जखमेत साठणारं पाणी त्या नळीतून एका डबीत येतं. लालसर, पातळ, वर तेलकट. ती डबी रोज रिकामी करायची. मी एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. नवरा भला माणूस, पण डबी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवून बाहेर गेला.

ते काम हिराबाईनं केलं. हिराबाई माझ्यासोबत कांदा निवडते, पिंपरी पेंढारची, माझ्या आईच्या वयाची. पहिल्या दिवशी डबी उघडून ती म्हणाली, "लई घाण वास हाये गं मंगल." नाकाला पदर लावला आणि सगळं धुऊन आली. मला बरं वाटलं. बाकीचे म्हणायचे, काही वास येत नाही, काही दिसत नाही. आणि खुर्ची लांब सरकवायचे.

मग केमो. केमो म्हणजे सलाइनमधून देतात ते कॅन्सरचं औषध. त्यानं पाण्याचीसुद्धा ओकारी यायची. तोंडात सदा लोखंड चघळल्यासारखी चव. त्यानंतर रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक. कातडी भाजलेल्या वांग्यासारखी झाली. भेटायला येणाऱ्यांचा तर वीटच आला. एकीनं कोल्ड्रिंकच्या बाटलीत गोमूत्र आणलं. एक लांबची नणंद म्हणाली, "दाखव की गं जरा, कसं दिसतं." जत्रेत आल्यासारखी. मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. ब्लाउजमध्ये एका बाजूला कापूस भरायचे, तो घामानं भिजून आंबायचा. माझ्याच अंगाची मला शिसारी यायची.

पण हे सगळं सोपं होतं म्हणावं असं पुढं झालं.

उपचार संपले. मॅडम म्हणाल्या, "आता फक्त फॉलो-अप." फॉलो-अप म्हणजे ठरावीक काळानं परत येऊन तपासून घेणं. दुसऱ्या छातीची वर्षातून एकदा मॅमोग्राफी, म्हणजे छाती दोन पाट्यांत दाबून काढलेला एक्स-रे. मधल्या काळात डॉक्टर हातानं तपासतात. घरी सगळ्यांनी हुश्श केलं. ठरलं की वर्षाची तपासणी नीट आली की लेकीला इकडं आणायचं, इथल्या शाळेत घालायचं.

आणि माझी झोप गेली. उपचार चालू असताना कुणीतरी काहीतरी करत होतं. आता कुणीच काही करत नव्हतं, नुसती वाट बघायची. आलेली गाठ आधी कुणाला दिसली होती? तीही वरून दिसत नव्हतीच. मग मी चाचपायला लागले. आंघोळीला, चुलीपुढं, शौचाला गेल्यावर. व्रणाची कड, बगल आणि चांगली राहिलेली उजवी छाती. हात लागला की वाटायचं, आता बोट आत जाईल आणि ते पिवळं पाणी येईल. किळस यायची, तरी हात तिकडंच जायचा. नाही लागलं काही तरी पुरतं समाधान नाही, परत बघायचं.

मग एक दिवस लागलं. उजवीकडं, खालच्या बाजूला, टणक. हात लावला की दुखायचं.

नवऱ्याला सांगितलं नाही. त्यानं लेकीसाठी दप्तर आणून ठेवलं होतं. हिराबाईला सांगितलं, तेही चाळीत, मान खाली घालून. म्हटलं, "मी नाही जात दाखवायला. गेले की ते परत तेच म्हणतील."

हिराबाईनं हातातला कांदा टोपलीत टाकला. "आमच्या पेंढारात उसात बिबट्या असतो, ठावं हाये ना?"

"त्याचं काय?"

"बाया शेतात जायच्या ऱ्हायल्या का? न्हाई ना. एकटी जात न्हाई कुणी. दोघी-तिघी जात्यात, मोठ्यानं बोलत जात्यात. तू बी चल, मी बोलत येते. मला काय, तोंड हायेच."

आळेफाट्याला एस्टीत बसल्यापासून ती पुण्यापर्यंत बोलत होती. तिच्या सुनेची आमटी, जावयाची मोटारसायकल, सगळं. मी एक शब्द ऐकला नाही. पण आवाज चालू होता, एवढं पुरलं.

दवाखान्यात तोच फिनेलचा वास. बाकावर बसले आणि केमोची चव तोंडात आली, काही खाल्लं नसताना. आधी सोनोग्राफी, म्हणजे आवाजाच्या लहरींनी आतलं बघणं. छातीवर गार, चिकट जेली लावली. नाकातून यावं तसलं. मी डोळे मिटून घेतले. मशीनवालीच्या तोंडाकडं बघायचं नाही, हे मी शिकले होते. ती गप्प झाली की आपण आपलं सरण रचायला घेतो.

मग मॅडमकडं. हिराबाई सोबत आत आली. मॅडमनी दिव्याखाली नीट बघितलं. एका बाजूला एक निळा डाग, समोरच्या बाजूला दोन.

"तुम्ही काम काय करता?"

"कांदा निवडते."

"कसा निवडता? दाखवा."

मी हवेत हात धरला. अंगठा इकडं, दोन बोटं तिकडं, आणि दाबलं. मॅडमनी माझ्या हाताकडं बघितलं, मग त्या डागांकडं. मलाही तेव्हाच उमगलं. कानशिलं तापली.

"दिवसातून किती वेळा?"

हिराबाई बोलली, "मोजायचंच न्हाई मॅडम. चाळीत बसल्यावर बी हिचा एक हात पदराखाली असतो."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वाटतं हा मुका मार आहे. पण वाटण्यावर मी सोडत नाही. सुई घालून तपासू." सुईनं गाठीतलं थोडं काढून पेशी बघतात, त्याला एफएनएसी म्हणतात. सुईचं दुखलं नाही एवढं. रिपोर्टची वाट बघताना दुखलं. त्या दिवसांत मी काही शिजवलं की मलाच त्याचा वास सहन व्हायचा नाही. हात दोन्ही पदरात गुंडाळून बसायचे, चोराचे बांधतात तसे.

रिपोर्टला परत दोघी गेलो. "कॅन्सरच्या पेशी नाहीत," मॅडम म्हणाल्या. "हिमॅटोमा आहे, म्हणजे आत रक्त साकळलंय. आपोआप विरेल, विरेपर्यंत मी बघत राहीन. तुम्ही दाखवायला आलात ते बरोबरच केलंत. नवीन गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंडातून काही आलं, तर पुढंही थांबायचं नाही. फक्त हा हात छातीला लावायचा नाही." मग त्यांनी माझी तीन बोटं सपाट धरून शिकवलं. बोटांच्या टोकानं चिमटीत धरायचं नाही, पेरं सपाट ठेवून हलकं फिरवायचं. महिन्यातून एकदा. बस.

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसून रडले. हिराबाई म्हणाली, "नवी बाई चाळीत आली की पयल्या दिशी आपण काय सांगतो? कांदा लई दाबू नगं. दाबलेला चांगला कांदा बी चार दिसांत नासतो. तूच सांगती की त्या पोरींना."

"सांगते."

"मग?"

मी नाक शिंकरलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि स्वतःचाच पदर पुढं केला.

महिन्याचा दिवस मी अमावस्या धरणार होते, चाळ बंद असते म्हणून. हिराबाईनं धरू दिला नाही. "अमुशाला असलं बघत्यात व्हय? पुनवंला बघ." मग पुनवेला बघते. बाकी दिवस हात तिकडं गेला की कामाला लावते. अजून जातो, नाही म्हणणार नाही. भीती गेली असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवत नाही. तपासणीच्या आठवड्यात मला अजूनही अन्न जात नाही.

वर्षाच्या मॅमोग्राफीला गेले तेव्हा लेक इथल्या शाळेत जायला लागली होती. नीट रिपोर्ट यायची वाट बघायची नाही, असं मीच ठरवलं. पोरीनं किती दिवस दप्तराकडं लांबून बघायचं.

बाकावर माझ्याशेजारी एक बाई बसली होती, अवसरी बुद्रुकची, पहिल्यांदाच फॉलो-अपला आलेली. मला तिच्या पदराखाली हालचाल दिसली. अंगठा आणि दोन बोटं. ती भिंतीकडं बघत होती आणि हात चालूच होता.

मी तिचा हात बाहेर काढला. घामानं गार, चिकट झालेला. मला किळस आली, खोटं कशाला सांगू.

"ताई, हात लई चिकट आहे तुमचा," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिला हसू आलं. नाव पुकारलं जाईपर्यंत तो हात मी माझ्या मांडीवर धरून ठेवला, आणि मोठ्यानं बोलत राहिले.