तोंडातला दोरा

निपाणीच्या भीमनगरात राजाबाईंची अंजना कुठं राहते असं कुणालाही विचारा, माणूस आधी तुमच्या भुवयांकडं बघेल आणि मग घर दाखवेल. बारा वर्षं झाली, बाजाराच्या आतल्या गल्लीत एका खोलीत अंजनाचं पार्लर आहे. पाटीवर कर्नाटकच्या नियमाप्रमाणं वर मोठं कानडी, खाली बारीक मराठी. पण पाटी वाचून कोण येतंय? बायका शेजारणीचा चेहरा बघून येतात. वकिलांच्या सुना येतात, शाळेतल्या बाई येतात, लग्नसराईत नवऱ्यामुली तर आयांना घेऊन दारात उभ्या असतात.

अंजना बोलायला गोड आहे, पण कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नाही. एखादी म्हणाली, जरा बारीक करा, तर हिचं उत्तर ठरलेलं असतं, तुमच्या तोंडाला शोभतील तेवढ्याच करणार, पटत नसंल तर समोरच्या दुकानात जावा. आजवर कुणी समोरच्या दुकानात गेलेलं नाही. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं, उरलेला दोन्ही हातांच्या बोटांवर पिळायचा आणि मान हलवत सरसर चालवायचा, अशी तिची पद्धत. शेवटी कपाळावर हलकीशी फुंकर. तुटलेली लव उडून जाते, कातडीची आग थांबते. त्या फुंकरीसाठी म्हणून येणाऱ्या बायकाही निपाणीत आहेत.

हा दोरा तिच्या हातात आला तो आईच्या हट्टानं. राजाबाईंनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. अंजनाचं लग्न दोन वर्षांत मोडलं आणि ती माघारी आली, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी मायेनंच तिच्यासाठी एक सूप आणि तेंदूची पानं आणून ठेवली. आईशेजारी बस, चार विड्या वळ, मन रमेल, म्हणाल्या. राजाबाईंनी सूप त्याच पावली परत केलं आणि लेकीला बेळगावला पार्लरच्या कोर्सला घातलं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. रात्रंदिवस त्यांचा खोकला घरात ऐकू येत होता, सांगायला आणखी काय हवं होतं?

तर यंदाच्या आषाढात, लग्नं नाहीत म्हणून दुकान रिकामं असताना, कोर्सच्या वेळची मैत्रीण अबोली हिचा बेळगावहून फोन आला. बेंगळूरच्या विमानतळावर एका सलूनला बायका हव्या होत्या. कानडी, मराठी, हिंदी तिन्ही बोलणाऱ्या आणि हात सफाईदार असणाऱ्या. मुलाखत बेळगावात, टिळकवाडीत. वयाची अट पस्तीसच्या आत, आणि अंजनाला दिवाळीत पस्तीस पुरी होत होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

अंजना दोन दिवस विचार करत होती. दुकान बरं चाललं होतं, उपाशी कुणी नव्हतं. पण निपाणीतल्या बायकांचे चेहरे तिला पाठ झाले होते. कुणाची डावी भुवई चढी आहे, कुणाच्या कपाळावर लहानपणी पडल्याची खूण आहे, हे ती डोळे मिटून सांगायची. तिला एकदा बघायचं होतं की आपला हात निपाणीच्या वेशीबाहेर चालतो का. जगभरची माणसं जिथून जातात तिथं उभं राहून चालतो का. ही इच्छा तिनं कुणाला बोलून दाखवली नाही, आईला फक्त म्हणाली, जाऊन बघती.

आई ती आईच. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, तसं राजाबाईंनी मुलाखतीआधीच निम्म्या गल्लीला सांगून टाकलं की आमची अंजी विमानतळावर चालली.

टिळकवाडीत मुलाखत घ्यायला निवेदिता मॅडम होत्या. चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं मोजकं. त्यांनी एक मुलगी खुर्चीत बसवली आणि म्हणाल्या, आयब्रो करून दाखवा, वीस मिनिटांत हिचं विमान आहे असं समजा. अंजनाला मनात हसूच आलं. तिनं दोरा तोडला, टोक दातात धरलं, सात मिनिटांत दोन्ही भुवया कोरून काढल्या आणि सवयीनं कपाळावर छान लांब फुंकर घातली. मुलीनं आरसा बघितला आणि तिचा चेहरा खुलला.

निवेदिता मॅडमचा चेहरा मात्र तसाच होता. त्या जवळ आल्या, भिंगातून भुवया बघितल्या.

“हात सुरेख आहे तुमचा. असा हात मला आज दुसऱ्या कुणाचा दिसला नाही,” त्या म्हणाल्या. “पण तोंडात दोरा चालणार नाही. आणि फुंकर तर अजिबात नाही. तुमच्या तोंडातलं काही गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यापर्यंत जाता कामा नये. दोरा गळ्यात अडकवून करतात, ते येतं का?”

अंजनाला येत नव्हतं. मॅडमनी वही मिटली आणि पंधरा दिवसांनी शिकून या म्हणून सांगितलं. जागा तोवर ठेवते म्हणाल्या. खरं तर हा मान होता, बाकीच्या सगळ्या जणींना त्यांनी तिथल्या तिथं नाही म्हटलं होतं. पण अंजनाच्या कानात एवढंच उरलं की आपल्या तोंडातलं चालत नाही.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली. तिच्या आजीला पाणी वरून ओतलं जायचं, ते तिनं ऐकलेलं होतं. बारा वर्षं निपाणीतल्या चांगल्या चांगल्या घरच्या बायकांनी आपली फुंकर कपाळावर घेतली, कुणी तोंड फिरवलं नाही, हे तिचं सगळ्यात मोठं भूषण होतं, सर्टिफिकिटापेक्षा मोठं. मॅडमच्या बोलण्यात जातपात काही नव्हती, दवाखान्यात असतो तसला स्वच्छतेचा नियम होता, हे तिलाही कळत होतं. कळत होतं म्हणून लागायचं थोडंच थांबतं. निपाणी स्टँडवर उतरताना तिनं ठरवून टाकलं, नाही जायचं.

घरी आल्यावर तिनं आईला तसं सांगितलं. या वयात नव्यानं शिकायचं, तेही कुणीतरी नापास केलं म्हणून, आपल्याला जमायचं नाही. राजाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग बोलल्या.

“कारखान्यानं विडीचं माप बदललं तवा मी चाळिशीची हुती. बोटं जुन्या मापाला बसलेली. चेकरनं पैल्या दिवशी माझी निम्मी टोपली छाट काढली, माझ्या डोळ्याम्होरं चुरगाळून टाकली. मी घरला येऊन रडले. दुसऱ्या दिशी नव्या मापाचा पत्रा मागून आणला आन् पान कापाय बसले. मी रुसले असते तर तू आज रुसाय हितं असतीस काय?”

छाट म्हणजे नापास केलेली विडी. अंजनानं लहानपणी तो शब्द हजारदा ऐकला होता, पण आई त्यावरून रडली होती हे तिला आज कळलं. तिनं विचारलं, मी गेल्यावर तुझं काय. राजाबाई म्हणाल्या, मला बघायला अक्खी गल्ली हाय, तू माझं निमित्त करू नगंस.

आता खरी अडचण पुढंच होती. दोरा गळ्यात अडकवून करायची कला निपाणीत एकाच पोरीला येत होती आणि ती अंजनाच्याच दुकानात झाडू मारण्यापासून शिकलेली होती. पारमिता नाव तिचं, वय एकवीस, हिचीही आई विड्या वळणारी. मागच्या वर्षी पारमितानं मोबाईलवर बघून दोरा गळ्यात घातला होता, तेव्हा अंजनानं चार गिऱ्हाइकांदेखत तिला झापलं होतं. फास लावून घेतीस काय गं, हे असलं माझ्या दुकानात चालायचं न्हाय, असं म्हणाली होती. पोरगी मग घरी जाऊन आपल्या बहिणींच्या भुवयांवर हात बसवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना दुकानात आली, शटर अर्धं खाली ओढलं आणि पारमिताला म्हणाली, “मला गळ्यातला दोरा शिकीव.”

पारमितानं तिच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नाही हे कळल्यावर तिनं न हसता रिळाचा दोरा तोडला. दुसरी एखादी असती तर तिनं मागचं सगळं उट्टं काढलं असतं. हिनं फक्त एवढंच म्हटलं, आक्का, पैल्यांदा सोताच्या पोटरीवर करा.

चार दिवस अंजनानं पोटरीची लव काढली. बारा वर्षांचा हात, पण दोरा दातातून सुटला तसा तो परका झाला. दोरा सैल पडायचा, नाहीतर कातडीला चिमटा बसायचा. मानेला रग लागायची. मधेच टोक आपोआप तोंडाकडं जायचं आणि पारमिता खाकरायची. पाचव्या दिवशी चेहऱ्यावर करायची वेळ आली, तेव्हा गिऱ्हाइकाला कुठं पणाला लावायचं? राजाबाई आपण होऊन आल्या आणि खुर्चीत बसल्या.

बारा वर्षांत त्या या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. आपल्या अंगाला तंबाखूचा वास येतो, तुझी गिऱ्हाइकं जातील, म्हणायच्या. आज त्यांनी मान मागं टेकली, डोळे मिटले आणि पदर हातात घट्ट धरला. अंजनानं आईचा चेहरा इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. पहिल्या दोन चिमट्यांना राजाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून आवाज आला नाही. पारमिता बाजूनं सांगत होती, आक्का, हात नगा वढू, मान मागं न्या, मानंनं वढा. आणि चुकत माकत, डावी भुवई संपता संपता, अंजनाच्या मानेला ते सापडलं. उजवी भुवई तिनं एका दमात केली. आरसा पुढं धरल्यावर राजाबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ही कोण वकिलीणबाई बसलीया?

पुढचे आठ दिवस भीमनगरातली एकही म्हातारी भुवया केल्याशिवाय सुटली नाही.

पंधराव्या दिवशी टिळकवाडीत निवेदिता मॅडम स्वतःच खुर्चीत बसल्या. अंजनानं दोरा गळ्यात अडकवला. हात स्थिर होता, मान बरोबर जात होती, दोरा एका लयीत चालला होता. सगळं नीट झालं. दोन्ही भुवया संपल्या, आणि तिच्या नकळत तिचे ओठ गोल झाले. छातीत हवा भरली होती, मॅडमचं कपाळ वीतभर अंतरावर होतं. बारा वर्षांची सवय नेमकी तिथं येऊन उभी राहिली. अंजनानं ओठ मिटले, ब्रश उचलला आणि लव झाडली.

मॅडमनी डोळे उघडले. “मला वाटलं, फुंकर आलीच.”

“आलती मॅडम,” अंजना म्हणाली. “गिळली.”

निवेदिता मॅडम पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. आरशात दोन्ही बाजू बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, कुठं शिकलात एवढ्या लवकर? अंजनाला सांगता आलं असतं की मोबाईलवर बघून. ती म्हणाली, माझ्या दुकानात माझ्याच हाताखाली तयार झालेली एक पोरगी आहे, ती माझी गुरू. हे सांगताना तिचा आवाज जरा चढलाच, आणि तो तिनं मुद्दाम खाली आणला नाही. मॅडमनी नेमणुकीचं पत्र पुढं केलं. अंजनानं ते कानडीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत सावकाश वाचलं आणि मग सही केली.

दुकानाची किल्ली पारमिताकडं गेली. किल्ली देताना अंजनानं तिला बजावलं, कुणी बारीक करा म्हणाली तर ऐकू नको. पारमिता म्हणाली, आक्का, ते मला शिकवाय नगं.

निघायच्या दिवशी दुपारी राजाबाई लेकीला सोडायला बेळगाव स्टेशनपर्यंत निघाल्या. बस भरलेली होती. कर्नाटकात बायकांना बसचं तिकीट माफ असलं तरी कंडक्टरला आधार कार्ड दाखवावं लागतं. त्यानं दोन्ही कार्डं बघितली, पायाशी ठेवलेली भली मोठी बॅग बघितली आणि कानडीत विचारलं, आजी, लेकीला सासरी पोचवायला चालला काय? राजाबाईंना कानडी चांगलं कळतं. पण उत्तर त्यांनी मराठीत दिलं, आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात दिलं, की लेक बेंगळूरच्या विमानतळावर कामाला लागली आहे.

कंडक्टरनं अंजनाकडं नव्यानं बघितलं. तोही मग मराठीवर आला. हवाईसुंदरी काय, म्हणाला.

“न्हाय वो,” राजाबाई म्हणाल्या. “हवाईसुंदऱ्या हिच्याम्होरं डोळं मिटून बसत्यात.”

पुढच्या दोन बाकांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. एरवी अंजनानं आईला कोपरानं ढोसून गप्प केलं असतं. आज ती ताठ बसून राहिली आणि सगळ्यांना नीट बघू दिलं.