अक्का आणि खाणीतला गॅस

"जळंल की! का न्हाय जळणार?"

समोरचा 'हे इंधन इंजिनात जळणार नाही' म्हणाला, की अक्का दोन्ही हात कमरेवर ठेवून हेच म्हणायच्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचा इंजिनं बनवायचा कारखाना होता आणि मी तिथं ड्रॉइंग करायचो. तुमच्यापैकी कुणी त्या गल्लीतून गेलं असेल, तर त्यांचा आवाज ऐकला असणारच. लेथ चालू असला तरी तो रस्त्यापर्यंत यायचा.

त्यांचा धाकटा भाऊ झारखंडात एका कोळसा खाणीवर इंजिनिअर होता. कोळशाच्या थरांत मिथेन दडलेला असतो. एकदा तो खाणीत साठला, ठिणगी पडली आणि भाऊ गेला. अक्का त्याला आणायला गेल्या, तेव्हा तिथल्या साहेबांनी त्यांना समजावलं, की आम्ही पाइप टाकून गॅस बाहेर ओढतो आणि हवेत सोडतो, तरी थोडा आत राहतोच.

दिवसकार्य उरकल्यावर अक्का कारखान्यात आल्या. "कागद घे," मला म्हणाल्या. "त्या गॅसवर चालणारं इंजिन काढायचं. माझा भाऊ खाल्ला न्हवं त्यानं? आता राबायला लावते त्याला."

दुःखानं डोकं फिरलं, असं नातेवाइकांनी ठरवून टाकलं. भावाची बायको तेवढी पदर खोचून आली. "वन्सं, मीबी येते कामाला," म्हणाली. तेव्हापासून त्या आम्हा सगळ्यांच्या वहिनी.

बऱ्याच खटपटीनंतर इंजिन आणि त्याला जोडलेला जनरेटर ट्रकवर चढवून आम्ही त्याच खाणीवर गेलो. इंजिन सुरू झालं, खोकलं आणि बंद पडलं. पाइपातून गॅस कधी दाट यायचा, कधी पातळ. साहेब म्हणाले, "मॅडम, नहीं होगा. वापस ले जाइए."

अक्का आपल्या हिंदीत गरजल्या, "साब, तुम जाव, च्या पीव. हम हितंच बैठता!" आणि पोतं अंथरून खरंच इंजिनापाशी बसल्या. अख्खा पावसाळा आम्ही तिथं काढला. गॅस पातळ झाला, की हवा आपोआप कमी व्हावी, अशी जोडणी करून बघत होतो. ती बिघडायची, आम्ही पुन्हा करायचो. शेवटी इंजिन धडधडलं आणि धडधडतच राहिलं.

पहिली वीज कशाला द्यायची, हे अक्कांनी आधीच बजावून ठेवलं होतं. खाणीत हवा खेळवणाऱ्या मोठ्या पंख्याला. पंखा फिरला तसे साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अक्का मात्र गॅसच्या पाइपाकडं बघत म्हणाल्या, "राब आता, मुडद्या!" आणि वहिनींच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडल्या. त्यांना रडताना मी तेवढ्याच वेळी पाहिलं.

पुढं अक्कांना हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, तरी त्या खाणीवर जायच्याच. "घरात बसून मरू व्हय?" हे वर आम्हालाच.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. दुखवटा म्हणून आम्ही कारखान्याचं शटर खाली ओढत होतो, तेवढ्यात खाणीवरून फोन आला. श्रद्धांजली म्हणून इंजिन थोडा वेळ बंद ठेवतो, असं तिथला ऑपरेटर म्हणत होता. मी 'बरं' म्हणणार, तोच वहिनींनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"बंद नहीं करना," त्या म्हणाल्या. "एक मिनट भी नहीं. समझे?"

फोनमधून इंजिनाची धडधड मलाही ऐकू येत होती. वहिनींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं शटर पुन्हा वर लोटलं.