शुभांगीला कोणी कळवलं नाही

उत्तर सीमेवरच्या आमच्या पोस्टवर वऱ्हाडातले दोघंच होतो. मी मोर्शीचा, लान्सनायक गजानन पातूरचा. वेल्फेअर फोन एकच. रविवारी सकाळी नऊपासून, माणशी तीन मिनिटं.

त्या तीन मिनिटांत बायका एकच गोष्ट सांगायच्या. सगळं ठीक आहे. माझी बायको मेघा संत्र्याची बाग एकटी सांभाळायची, माझ्या वडिलांना दवाखान्यात अमरावतीला न्यायची. विहिरीवरची मोटर जळाली हे मला चार महिन्यांनी, सुट्टीत कळलं. का सांगितलं नाही म्हणून चिडलो. ती म्हणाली, "तुमी तिथून वाइंडिंग करून देणार होते का?"

नवरा मेल्यावर बाईला वीरपत्नी म्हणतात, व्यासपीठावर साडी-नारळ देतात. तो जिवंत असताना ती काय करते, हे एकाही वक्त्याला माहीत नसतं. मी आता बोर्ड आउट होऊन, म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवल्यामुळे, घरी आहे. फौजींच्या घरोघरी पत्रकं वाटत फिरतो: लग्न झालं की बायकोचं नाव लगेच रेकॉर्डमध्ये चढवा. ती कशासाठी, ते सांगतो.

गजाच्या लग्नाला नऊ महिने झाले होते. बायको शुभांगी सात महिन्यांची गरोदर, अकोल्यात जुन्या शहरात माहेरी. तिथेही शाळेचे गणवेश शिवत होती. फौजेच्या रेकॉर्डमध्ये तिचं नाव नव्हतं. लग्नाच्या नोंदीला जोडीचा फोटो लागतो. गजाने लग्नातला दिला. मुंडावळ्यांमागे दोघांचे चेहरेच दिसत नव्हते. क्लार्कने तो परत केला. "शादी किससे हुई? फूलों से?" सगळी बॅरॅक हसली, मीही हसलो. गजा म्हणाला, पुढच्या सुट्टीत दुसरा काढतो. मी म्हणालो, काढ आरामात. तेच चुकलं. नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे खबर ज्याला द्यायची तो जवळचा नातेवाईक, म्हणून कागदावर वडीलच राहिले.

गुरुवारी 11:40 ला गस्तीची तुकडी परतत असताना बर्फाचा कडा सुटला. मी रेडिओवर होतो.

"एक जवान बर्फाखाली. खोदतोय. ओव्हर."

"नंबर सांगा. ओव्हर."

रेडिओवर नाव घेत नाहीत. शेवटचे तीन आकडे आले. ते गजाचे होते. मी लिहून घेतले आणि वर कळवले. 1:05 ला त्याला बाहेर काढलं. तो गेला होता.

घरी अधिकृत खबर पोचेपर्यंत वेल्फेअर फोन बंद ठेवतात. खबर कागदाप्रमाणे वडिलांना, पातूरला गेली. रविवारी फोन नव्हताच. सोमवारी सकाळी सुरू झाला. मी मेघाला म्हणालो, मी ठीक आहे.

"आन गजाभाऊ?"

मी गप्प राहिलो. फौजीच्या बायकोला तेवढं पुरतं.

"शुभांगीले कोणी सांगतलं?"

मला वाटलं होतं, सांगितलं असेल. मेघाने शुभांगीला फोन लावला, तो बंद. मग तिच्या भावाला लावला. दोन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं, पोटुशी आहे, बाळंतपण होईपर्यंत सांगायचं नाही. मंगळवारी देह येणार, पातूरला अंत्यविधी तिच्याशिवाय उरकायचा. तिचा मोबाइल दुरुस्तीला म्हणून काढून घेतला होता, टीव्हीची वायर काढून ठेवली होती. बाईचा नवरा मेल्याचं तिच्यापासून लपवायला अख्खी गल्ली कामाला लागली होती. यांना हे प्रेम वाटतं. मला आजही संताप येतो.

मेघा मिळेल त्या गाडीने अमरावतीला, तिथून अकोल्याला. दोन वाजता पोचली. शुभांगीचा भाऊ दारात आडवा उभा राहिला.

"वहिनी, तिच्या जिवाले काही झालं तर जबाबदारी तुमी घेसान का?"

"माही जबाबदारी. बाजूले सरका."

मेघाला पाहून शुभांगीने शिलाई मशीन थांबवली. "ताई, चार दिवसापासून वाट पाहून राहिली मी. कोनी तरी खरं बोलन म्हणून."

मेघाने खरं सांगितलं. शुभांगीने सुईखालचा गणवेश काढून घडी घातली. मग विचारलं, त्यांना कधी आणणार. उद्या, पातूरला.

"मले नेसान?"

"त्याच्यासाठीच आली."

मंगळवारी पातूरला सलामीची गार्ड उभी होती. अधिकाऱ्याने कागद पाहून तिरंगा वडिलांच्या हातात दिला. शुभांगी बायकांच्या मागे होती, मेघाने तिचा दंड धरला होता. शवपेटी उचलणार तेवढ्यात मेघा मोठ्याने म्हणाली, "थांबा, साहेब. बायको मांगं उभी हाये."

कोणीतरी तिला गप्प करायला पुढे झालं. गजाच्या वडिलांनी त्याला हाताने अडवलं. म्हातारा गर्दीतून मागे गेला, सुनेला घेऊन पुढे आला. पेटी उघडली. शुभांगी वाकली आणि हळूच विचारलं, "जेवले होते का तुमी?"

हे मला मेघाने सांगितलं. मी तेव्हा पोस्टवरच होतो, ड्युटीवर. सुट्टी मिळाल्यावर आधी पातूरला गेलो, शुभांगी तिथे सासरीच होती. तिची मुलगी तेव्हा दीड महिन्याची होती. मी शुभांगीला सांगितलं, हो, लान्सनायक गजानन सकाळी सहा वाजता माझ्यासोबत जेवून निघाला होता. बटाट्याचे दोन पराठे. तिसरा त्याने माझ्या ताटात टाकला होता.