नववी पास, सायकलवर

सायकल ताईंची होती. निळी, गिअरची, नागपुरात नंदनवन भागातल्या त्यांच्या बंगल्याच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली. मी त्यांचे ब्लाउज शिवते. माप घ्यायला गेले होते, तेव्हा सायकलीकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले असेन. त्या म्हणाल्या, "येते का चालवता?" मी मान हलवली. "मग घेऊन जा. शनिवारी आमच्या सायकलच्या ग्रुपसोबत चल."

इतकं सहज मला कुणी काही दिलेलं नव्हतं, त्यामुळं ते घ्यायचं कसं हेही मला ठाऊक नव्हतं. सायकल मी दोन मजले उचलून वर न्यायचे आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला लावायचे. पार्किंगमध्ये कुणी ओरखडा काढला तर? नवरा म्हणायचा, "पाहुणीला चहा दिलास का?" त्याला चेष्टा सुचायची. मी मात्र रोज फडक्यानं ती पुसून ठेवायचे.

आम्ही आटपाडीकडचे, माणदेशातले. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पसरली आहेत. नवऱ्याच्या वाट्याला नागपूर आलं, त्याच्यामागं मी आले. इथं मला ना आत्या, ना मामी. सणाला दार वाजलं तर ब्लाउज न्यायलाच कुणीतरी आलेलं असतं. म्हणून शनिवारी पहाटे आठ-दहा बायकांच्या मागं पायडल मारताना मला जे वाटायचं, ते ताईंना सांगून कळलं नसतं.

पहिल्याच फेरीला घोळ झाला. कन्हानचा पूल ओलांडून चहाला थांबलो. नव्या बाईनं ओळख करून द्यायची, अशी त्यांची पद्धत. मी आयुष्यात स्वतःची ओळख करून दिली होती ती एकदाच, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर. तशीच दिली. ओढणी डोक्यावर घेतली, नाव सांगितलं, गाव सांगितलं, "शिक्षण नववी पास, स्वयंपाक येतो, शिवण येतं."

बँकेतली एक बाई चहा सांडेपर्यंत हसली. "भाऊ किती, ते सांगायचं राहिलं ना वं! अन् पोरगा पाहिला का आम्ही तुझ्यासाठी?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. त्याचं काही वाटलं नाही. पण ताई उभ्या राहिल्या. त्या कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या, आवाज मोठा. "हसू नका गं. नववी पास मुलगी आज आपल्या बरोबरीनं सायकल चालवते आहे. टाळ्या वाजवा हिच्यासाठी." टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांपेक्षा आधीचं हसणं बरं होतं.

तेव्हापासून मी 'आमची नववी पास' झाले. धाब्यावर, धरणाच्या चौकीदारापुढं, वाटेत भेटलेल्या दुसऱ्या सायकलवाल्यांपुढं ताई माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या. ग्रुपवरच्या फोटोखाली त्या जी ओळ लिहायच्या, तिच्यातही तेच. समोरचे लोक दुसऱ्या बायकांना त्यांचं काम विचारायचे, मला धीर द्यायचे.

तरी मी जात राहिले, ते त्या रस्त्यापायी. आमचा माणदेश उघडा. दोन कोसांवरून येणारा माणूस ओळखू येतो, आणि त्यालाही आपण दिसतो. पारशिवनीच्या पुढं तसं नाही. साग दोन्ही बाजूंनी अंगावर येतो, वाळलेली पानं चाकाखाली पापडासारखी मोडतात, टेकडी चढताना पुढचं वळण दिसत नाही. मग झाडांच्या फटीतनं पाणी दिसतं, इतकं पाणी की पहिल्यांदा मला ते आभाळच वाटलं. चढावर कुणाला बोलायला दम नसतो. प्राध्यापक असो, बँकवाली असो, सगळ्या तोंड उघडं टाकून धापा टाकतात. तेवढा वेळ मी कुणाचीच नववी पास नसायचे. मला एवढंच हवं होतं. तेवढा वेळ चढ संपून पलीकडंही टिकावा.

मग त्या शनिवारी ताईंनी ठरवलं, वाटेतल्या एका गावच्या शाळेत थांबायचं. शनिवारची सकाळची शाळा, सातवीपर्यंतची. पोरं पटांगणात रांगा करून बसवली होती. ताईंनी मुलींच्या शिक्षणावर चांगलं भाषण केलं. मी मागं सायकलीपाशी उभी होते. त्यांनी हात केला. काय होणार ते मला कळलं, तरी पुढं गेले.

"हिच्याकडं बघा मुलींनो," ताई म्हणाल्या. "हिनं दहावीच्या आधी शाळा सोडली. शाळा सोडली की काय होतं, ते हिला विचारा."

पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची पोरगी उठलीच. "काय होते मॅडम? ह्या तं मस्त सायकलवर फिरून राहिल्या!"

सगळं पटांगण हसलं. गुरुजीही तोंडावर रुमाल धरून हसले. मला त्या पोरीचा मुका घ्यावासा वाटला. पण ताईंचा चेहरा उतरला होता, आणि तो मलाच बघवेना.

"काहून सोडली तुमी?" पोरगी बसायला तयार नव्हती.

काहून? आई आजारी पडली, घरात चूल कोण पेटवणार, म्हणून महिनाभर राहिले. महिन्यानंतर कुणी जा म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. एवढीच गोष्ट. त्यात रडण्यासारखं काही नाही, सांगण्यासारखंही नाही.

"सांग ना," ताई हळूच म्हणाल्या, "किती पस्तावतेस ते सांग."

"शाळा सोडू नका," मी म्हणाले आणि खाली बघितलं. टाळ्या वाजल्या.

पुढचा चढ मी सगळ्यांच्या आधी चढले. नवेगाव खैरी धरणाच्या पाण्यावर थंड वारा होता, बायका डबे उघडत होत्या. मी ताईंना बाजूला घेतलं. वाटभर वाक्य जुळवत आले होते. "ताई, एक विनंती होती. मला सगळीकडं नववी पास म्हणून नका सांगू. नुसतं, ही शिवणकाम करते, एवढं म्हणा. नाहीतर काहीच नका म्हणू."

त्या पाण्याकडं वळल्या. "मी तुला पुढं आणायला बघते, आणि तुला त्याची लाज वाटते?"

"लाज नाही हो."

"मग काय?"

मला शब्द सापडला नाही. आजही सापडत नाही. त्या म्हणाल्या, "बरं," आणि डब्यांकडं गेल्या. बँकवालीनं मला हाक मारली, "ये वं, पराठा थंडा होऊन राहिला." येताना ताई सगळ्यांच्या पुढं, एकट्याच चालवत राहिल्या.

पुढच्या गुरुवारी फोन आला. भाची पुण्याहून येते आहे, तिला सायकल लागेल. आवाज गोड होता. मी सायकल पुसली, साखळीला तेल घातलं आणि चालवत नाही, हातात धरून त्यांच्या दारापर्यंत नेली. ताईंनी चहा दिला, दोन नव्या ब्लाउजांची कापडं दिली. भाचीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्या वाईट बाई नाहीत. सगळ्या नागपुरात माझ्यासाठी दार उघडणाऱ्या त्या एकट्याच.

फाटकाशी त्यांनी विचारलं, "राग नाही ना गं माझा?"

"छे हो ताई. तुमचे लई उपकार आहेत," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. घरी येऊन कापडं मशीनवर टाकली, पण ती काही कापायला घ्यावीशी वाटेनात.