ठाण्यात बसून लिहिलेली जप्ती

ती केस आठवली नाही असा माझा आठवडा जात नाही. चाळिशीच्या आतच मी पोलिसातली नोकरी सोडली, आता कच्च्या कैद्यांसाठी पत्रकं काढतो. कारण तीच केस.

रायपूरच्या सदर बाजारात एका सराफाकडून दागिने चोरीला गेले. तपास माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी खबरी ठाण्यात आला. म्हणाला, माल तेलीबांध्याला एका बांधकामावर वाळूच्या ढिगात आहे, आणि चोर म्हणजे दुकानातलाच कारागीर. आम्ही वाळू उपसली. अर्धा माल मिळाला. मग पुरानी बस्तीतून कारागिराला उचललं.

तो मूळचा विदर्भातला, माझ्यासारखाच. सहा तास चौकशी झाली, हातही उचलला. उत्तर एकच. "साहेब, मले काहीच माहीत नाही. काहून मारून राहिले?"

कबुली नाही. मग मी ठाण्यांत चालतं तेच केलं. आरोपीने दाखवलेल्या जागेवरून माल निघाला, की कोर्टात तो पक्का पुरावा ठरतो. म्हणून टेबलावर बसूनच लिहिलं : आरोपीने स्वतः जागा दाखवली, पंचांसमक्ष माल काढून दिला. पंच कोण? ठाण्यासमोरचा चहावाला. सही ठोकली आणि रिकामे ग्लास उचलून गेला.

कोर्टात बचावाच्या वकिलाने त्याला गाठलं. "अब तक कितने केस में पंच बने हो?"

"गिना नहीं साहब. बुलाते हैं तो आ जाता हूँ."

सगळे हसले. न्यायाधीशही.

मग वकील माझ्याकडे वळला. माल आधीच मिळाला होता ना? मी शपथेवर म्हणालो, "यह कहना गलत है."

निकालात आलं, की पंच पोलिसांच्या ओळखीचा आहे एवढ्यावरून त्याची साक्ष फेटाळता येत नाही. कायद्याने बरोबर. पुराव्याला किती वजन द्यायचं हा न्यायाधीशांचा अधिकार आहे, असायलाच हवा. पण ती काही डोळे मिटायची सूट नाही! हाच चहावाला त्यांच्याच कोर्टात किती वेळा उभा राहिला होता. 'माल निघाला तेव्हा तू कुठे होतास?' एवढं तरी विचारायचं. नाही विचारलं. पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. खोटं माझं होतं, त्यामुळे पहिला दोषही माझा.

दोन वर्षांनी तो खबरीच दुसऱ्या चोरीत सापडला. त्याच्या घरात सराफाचा उरलेला माल निघाला. उच्च न्यायालयाने कारागिराला सोडलं. तेव्हाही मी गप्प होतो. वर्दी उतरवल्यावर त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"हे कोर्टात काहून नाही सांगतलं?"

"हिंमत झाली नाही."

"आता झाली? मग चला बाजारात. मले कोणी सोन्याले हात लावू देत नाही." त्याने चपला घातल्यासुद्धा.

पहिल्याच दुकानात मी सांगितलं, हा निर्दोष आहे, खोटं मी लिहिलं होतं. तिथल्या सराफाने शांतपणे ऐकलं. "बैठिए साहब," म्हणून खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. कारागिराला मात्र हाताने पायरीवरच थांबवलं.

शपथेवर खोटं बोललो हे कबूल केल्यावरही मी साहेबच होतो. तो सुटून आल्यावरही चोरच.