चौकटीबाहेरच्या मेंढ्या

शुक्रवार पेठेत एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. आसपासच्या गावांतल्या मेंढ्यांची वजनं करायची आणि त्यांचे आलेख काढायचे, हे आमचं काम. उन्हाळ्यात दुपारी पेठ निजलेली असायची, पंखा गरम हवाच ढवळत राहायचा, आणि संगणकाच्या पडद्यावरचे ठिपके, एका मेंढीला एक, मला कळपासारखे दिसायचे, माळावरून सावकाश निघालेले. मधून सरासरीची निळी रेघ जायची.

मोजकेच ठिपके फार वर, एकटे होते. कुंभारीच्या एका मावशींच्या मेंढ्या होत्या त्या, खरोखरच दणकट. पण त्यांच्यामुळे बाकीचा कळप तळाशी चेपला जायचा. म्हणून एके दुपारी मी वजनाच्या उभ्या अक्षाची वरची मर्यादा खाली आणली, म्हणजे ते ठिपके चौकटीबाहेर जातील. चित्र छान भरून दिसायला लागलं, पण निळी रेघही खाली उतरली.

झापड आली असेल असं वाटलं. मर्यादा काढली, रेघ वर गेली. पुन्हा घातली, पुन्हा खाली. कुणीतरी झोपेत श्वास घ्यावा तशी ती हलत होती आणि मी कितीतरी वेळ तेच बघत बसले. मेंढ्या त्याच होत्या, वजनंही तीच.

शेजारच्या टेबलावरच्या ताई संख्याशास्त्र शिकलेल्या. त्यांनी पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. काही नोंदी वगळल्याची सूचना तिथे लाल अक्षरांत आली होती.

“मर्यादा घातली की हे सॉफ्टवेअर बाहेरचे ठिपके आधी टाकून देतं, मग उरलेल्यांची सरासरी काढतं,” त्या म्हणाल्या. “तुला नुसतं जवळून बघायचंय ना? मग सरासरी सगळ्यांची काढू दे, चित्र नंतर मोठं कर.”

तसं केलं. रेघ जागची हलली नाही. त्या मेंढ्या आता दिसत नव्हत्या, पण हिशेबात होत्या. मला उगाच भरून आलं.

पुढच्या आठवड्यात पूर्ण आणि जवळून काढलेलं, अशी दोन्ही चित्रं घेऊन आम्ही कुंभारीला गेलो. मावशींनी जवळून काढलेलं चित्र बराच वेळ न्याहाळलं.

“माजी जनावरं ह्यात कुटं हायती?”

मी पूर्ण चित्र पुढे केलं. सगळ्यात वरचा ठिपका सगळ्यात वजनदार मेंढीचा, असं सांगितलं. त्यांनी त्यावर अलगद बोट टेकवलं.

“मंजी ही काळी. लई हट्टी हाय.”

मग तिला दाखवायला त्या आम्हाला ओढ्याकडे घेऊन गेल्या. ऊन कललं होतं. काळी मेंढी कळपापासून लांब, एकटीच चरत होती.