ड्रमवरची खडूची खूण

फ्लेवरच्या कारखान्यातला केमिस्ट म्हटलं की तुम्हाला वाटणार, हा दिवसभर आंबा-अननस हुंगत बसत असेल, याच्या घामालाही व्हॅनिलाचा वास येत असेल. वाटू द्या. मलाही पहिल्या दिवशी बडोद्याहून वाघोडियाच्या बसमध्ये तसंच वाटलं होतं. संध्याकाळी परतताना शेजारचा माणूस उठून उभा राहिला. कारेलीबागेत मी ज्यांच्याकडे राहायचो, त्या काकूंनी माझा शर्ट चिमटीत धरून गच्चीवर नेला.

तेव्हा परदेशी कोल्ड्रिंकं नुकती आली होती आणि त्यांच्या नादानं आपले सरबतवालेही जोरात होते. त्यांच्यासाठी आम्ही अननसाचा वास बनवायचो, फरसाणवाल्यांसाठी लसणाचा. ड्रम तेच, धुऊन पुन्हा वापरायचे. धुणारे एक गुजराती काका होते, पन्नाशीचे. आमच्याशी मराठीत बोलायचे, रंगात आले की गुजरातीत घसरायचे. नियम असा की धुतलेल्या ड्रममध्ये केमिस्टनं डोकं घालून वास घ्यायचा, काही आलं नाही तर खडूनं बरोबरची खूण करायची. खुणेशिवाय ड्रम भरायचा नाही.

मी पडलो नकलाकार. नंदुरबारकडच्या शाळेत मास्तरांच्या नकला करून मार खाल्लेला. इथं मोठ्या साहेबांची करायचो: डोळे मिटून, एक नाकपुडी वर, "हं... गुड." काका पोट धरून हसायचे.

मग मला सर्दी झाली. सर्दी गेली, पण वास परत आला नाही. काकूंनी हिंगाची फोडणी दिली, मला नुसती तडतड ऐकू आली. वास न येणाऱ्या केमिस्टला कोण ठेवणार? कुणालाच सांगितलं नाही.

"भाई, सूंघी लो ने," काका म्हणाले.

मी ड्रममध्ये डोकं घातलं. काहीच नाही. बाहेर येऊन नाकपुडी वर केली, "हं... गुड." काका हसले, पण नेहमीसारखे नाही. मी खूण केली.

काही दिवसांनी माल परत आला. अननसाच्या सरबताला लसणाचा वास! शनिवारी साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये उभं केलं.

"तू वास घेतला होतास ना?"

"हो सर. काही नव्हतं."

"मग झाकण धुतलं नसणार यानं. काका, आठवडाभर बघतो, नाहीतर दुसरा माणूस आणतो."

काका माझ्याकडे बघत होते. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

रविवारी खंडेराव मार्केटात लसणाची पाकळी सोलून नाकाशी धरली. लांबून कुठूनतरी यावा तसा वास आला. आनंद व्हायला हवा होता. पाकळी तशीच मुठीत धरून घरी आलो, जेवलो नाही.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. ते जे काही बोलले ते मी धरूनच चाललो होतो. खडू माझ्याकडून काढून घेतला, काकांना कामावर ठेवलं. मग मी ड्रम धुतात तिथं गेलो आणि म्हटलं, "काका, चुकलं. मला वासच येत नव्हता."

"लसूण होतं त्यात," काका म्हणाले. "तुमच्याआधी मीच सूंघलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही खूण केली ने! मला वाटलं, भणेला, शिकलेला माणूस आहे, माझंच नाक बिघडलं. अने तमे तो मस्करी करता हता! नाक बंद होतं तर मला सांगायचं. सूंघायला मी ना म्हटलं असतं? साहेबांसमोर हो सर, हो सर केलंत, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन दिवस मी घरी बायकोला तोंड दाखवलं नाही. नकला करतो! एक दिवस माझी कर, या वासात उभा राहून. आता बघतोस काय? पाइप पकड."